डाव्या कोपऱ्यातला देवजी तांडेल

“पकडनाऱ्यानं तोंड उघडायचा नाय, तोंड उघडला का हात ढिला पडतो,” असं देवजी तांडेल एकदा म्हणाला होता.

एकदाच म्हणाला. करावे गावच्या मैदानात, कबड्डीचा चषक जिंकून आल्यावर. गळ्यात झेंडूचे हार, हारांखाली घामाने चिकचिकलेली मान, आणि कुणीतरी तोंडापुढे धरलेला माईक. त्या माईकच्या जाळीला आधीच्या वक्त्याच्या थुंकीचा आणि पानाचा वास येत होता. देवजीने श्वास रोखून एका वाक्यात सुटका करून घेतली. लोक हसले, टाळ्या पडल्या. पण व्यासपीठावर कंपनीचे पर्सोनेल मॅनेजर जयप्रकाश टिपणीस बसले होते, त्यांना ते वाक्य फारच आवडलं. पंधरवड्याच्या आत ते तळोज्याच्या कारखान्यात, कँटीनच्या भिंतीवर निळ्या ऑइलपेंटने उमटलं. शुद्ध करून. ‘पकडणाऱ्याने तोंड उघडायचे नसते. तोंड उघडले की हात ढिले पडतात. – देवजी तांडेल, कर्णधार.’ त्याच्याखाली लांब बाकांवर कामगार माना खाली घालून भात कालवायचे.

त्या दिवसापासून देवजी भिंतीकडे पाठ करून जेवायला बसू लागला.

तो खाडीकाठचा. बाप होडी घेऊन जाळं टाकायचा, आणि जाळं रिकामं आलं की चिखलात उतरून चिंबोऱ्या, खाडीतले खेकडे, धरायचा. चिंबोरी धरायची विद्या बापानेच दिली. “पुढून गेलास तं बोट जाईल. मागून जा, दाब, नि सोडू नको. तिना वाटला पायजे का दगड पडलाय अंगावर.” गुडघाभर काळ्या चिखलात, कुजल्या शेवाळाच्या वासात उभं राहून देवजी दगड व्हायला शिकला. पुढे गावातली पोरं ओहोटीनंतरच्या वाळल्या चिखलात कबड्डी खेळू लागली, तेव्हा तीच विद्या माणसांवर चालली. चढाई करणारा ‘कबड्डी कबड्डी’ घुमवत यायचा, झुलायचा, चिडवायचा. देवजी डाव्या कोपऱ्यात मेल्यासारखा उभा. चढाईवाल्याचा पाय जरा लांबला की दुसऱ्या क्षणी त्याचा घोटा देवजीच्या मुठीत असायचा. मग तो कितीही तडफडो.

याची किंमत अंगाने दिली. नाकाचं हाड दोनदा वळलं. डावा कान फुटून फुटून कोंबडीच्या काळजासारखा गोळा झाला. उजव्या गुडघ्यात पाणी साचायचं. डॉक्टर ते सुईने ओढायचा आणि देवजी त्या नळीतल्या पिवळट, बुळबुळीत पाण्याकडे बघत राहायचा. आपल्या आत हे असतं, एवढंच त्याला वाटायचं. बाकीच्यांना त्याच्या आत काळीज, जिद्द, गावची शान वगैरे दिसायची.

जमीन तोवर नव्या शहरात गेली होती. भाताच्या खाचरांवर इमारती चढल्या. मुंबईहून आलेली नोकरदार माणसं तिथल्या गॅलऱ्यांत उभी राहून हवा खायची, आणि वारा फिरून गावातल्या सुकटीचा वास आला की खिडक्या लावून घ्यायची. गावातल्या कुणी दुकान टाकलं, कुणी बिल्डरच्या मागे फिरू लागलं. देवजीला १९८९ साली खेळाडूंच्या कोट्यातून तळोज्याच्या रंगाच्या कंपनीने उचललं.

कापडाला लागणारे रंग बनवणारी कंपनी. तिच्या मागचा नाला कधी तांबडा वाहायचा, कधी हिरवा, आणि त्याच्या काठाला लोळणारी कुत्रीही त्या त्या रंगाची असायची. कागदावर देवजी गोदामातला हेल्पर. प्रत्यक्षात सकाळी हजेरी लावायची नि कारखान्याच्या मागच्या मैदानात जायचं. तिथे चाळलेली लाल माती पसरलेली, वर पाणी मारलेलं. कंपनीकडून दूध, केळी, कच्ची अंडी. अंडं घशाखाली उतरताना दर सकाळी देवजीला ओकारी यायची आणि दर सकाळी तो ती गिळायचा. ब्याण्णव साली तो कर्णधार झाला. छातीवर कंपनीचं नाव लावून सांगली, पुणे, रोहा, चिपळूण, कुठे कुठे खेळला. जिंकलेले चषक टिपणिसांच्या केबिनमधल्या काचेच्या कपाटात गेले. परदेशी गिऱ्हाईक आलं की देवजीला बोलावून त्या कपाटाशेजारी उभं करत. गिऱ्हाईक त्याचा दंड दाबून बघायचं. बैल बाजारात उभा करतात तसं, पण बैलाला हसावं लागत नाही.

मैदानाच्या कुंपणापलीकडे पिवळं खातं होतं. तिथे पिवळी पूड पोत्यांत भरली जायची, आणि तिथल्या माणसांचं सगळंच पिवळं असायचं: नखं, बनियन, थुंकी, डोळ्यांतलं पाणी. घाम आला की तोही पिवळा. त्या खात्यात कृष्णात शेलार होता. शिराळ्याकडचा, किडकिडा, खोकणारा, कबड्डीचा वेडा. पाळी संपली की आंघोळ न करताच सामन्याला हजर. नेमका डाव्या कोपऱ्यामागे रेषेला लागून उभा राहायचा आणि मध्यंतराला मीठ लावलेलं अर्धं लिंबू पुढे करायचा.

“घ्या कॅप्टन. आणि ऐका, ह्यो सात नंबर पाय टाकतच न्हाई. घोट्याची वाट बघू नगा, सरळ मांडीला जावा.”

“बरं.”

“बरं न्हाई, जावाच! लई माज आलाय त्येला.”

त्या पिवळ्या बोटांतलं लिंबू देवजी घ्यायचा आणि कृष्णातची पाठ वळली की कुंपणाबाहेर फेकायचा. इतकी वर्षं त्याने एकदाही ते तोंडाला लावलं नाही. त्याला शिसारी यायची. आणि शिसारी येते याचीही शिसारी यायची, पण ती नंतर, घरी गेल्यावर.

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात कामगारांनी संप केला. मागण्या साध्या होत्या. तोंडावर लावायला धड जाळी, सुटताना गरम पाण्याची आंघोळ, खोकणाऱ्यांना तपासायला डॉक्टर. गेटसमोर ताडपत्री बांधून माणसं बसली. आत माल भरलेले ट्रक उभे राहिले, आणि बंदरात जहाज वाट बघत होतं. तेव्हा टिपणिसांनी देवजीला केबिनमध्ये बोलावलं. त्यांचे हात फार मऊ होते; हस्तांदोलन करताना उकडलेला बटाटा हातात आल्यासारखं वाटायचं.

“मारामारी नाही हं, देवजी. आपण सभ्य माणसं आहोत. तुम्ही फक्त साखळी करायची. गेटच्या दोन्ही बाजूंना हात धरून उभं राहायचं, ट्रक निघेपर्यंत. तुमचा रोजचाच सराव तो.”

“साहेब, आमी खेलाडू मानसं.”

“म्हणून तर तुला सांगतोय! बाहेरची माणसं आणली असती तर डोकी फुटली असती. आणि हिरामणची पर्मनंट ऑर्डर इथेच आहे, माझ्या टेबलावर. टेन्शन घेऊ नकोस.”

हिरामण म्हणजे शिरवणे गावचा पोरगा, संघातला पहिल्या नंबरचा चढाईवाला. चार वर्षं कंपनीसाठी खेळत होता आणि चार वर्षं टेंपररीच होता. पर्मनंट झाल्याशिवाय मुलीचा बाप तारीख धरायला तयार नव्हता. बाहेर येताच तो देवजीला चिकटला. “दादा, उभाच तं ऱ्हायचाय. कोनाला मारायचा थोडीच हाय?”

देवजी हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही. टिपणिसांनी ते हो धरलं. त्या कारखान्यात गप्प बसण्याचा दुसरा अर्थ कधी कुणी लावलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी संघ कंपनीच्या जर्सीत गेटवर उभा राहिला. एकमेकांच्या मनगटात मनगट अडकवून, चढाईवाल्याला घेरताना करतात तशी साखळी. टोकाला देवजी, डावीकडे, नेहमीसारखा. पहिला ट्रक सुरू झाला. ताडपत्रीखालची माणसं उठली. शिव्या झाल्या, कुणी चप्पल उगारली. आणि मग त्या गर्दीतून कृष्णात पुढे आला, हसत.

त्याने काय केलं, तर बनियनवर, कंपनीचीच पिवळी पँट गुडघ्यापर्यंत वर दुमडून, तो रस्त्याला हात लावून पाया पडला आणि ‘कबड्डी कबड्डी’ घुमवत साखळीवर चालून आला. गंमत म्हणून. साऱ्या जन्मात जे त्याला रेषेबाहेरून बघायला मिळालं ते एकदा करून बघावं म्हणून. संपकरी हसायला लागले. “आरं लोण चढव, कृष्णा!” कुणी ओरडलं. संघातली पोरंही हसली. तापलेलं वातावरण उतरू लागलं होतं, ट्रकवाल्यानेसुद्धा गंमत बघायला वेग कमी केला. कृष्णात झुलत, खोकत, दम धरत देवजीसमोर आला आणि त्याने डावा पाय लांबवला.

देवजीने विचार केला नाही. विचार करायचा नाही हीच तर त्याची कला. पाय लांबला, हात गेला, घोटा मुठीत आला, आणि सवयीने बाकीची साखळी वरून कोसळली. लाल माती असती तर माणूस घसरला असता. खाली डांबर होतं. पाय तिथेच राहिला आणि माणूस फिरला. आवाज आला, कोंबडीची तंगडी पिळल्यावर येतो तसा.

संघातल्या कुणीतरी सवयीनेच ओरडलं, “पॉइंट!”

देवजीने मूठ सोडली. सगळे मागे सरले, तेवढ्यात वाट मोकळी झाली आणि ट्रक एकामागून एक निघून गेले.

घरी गेल्यावर त्याने पाहिलं, दोन्ही तळहात पिवळे झाले होते. साबण झाला, रॉकेल झालं, चिंच चोळून झाली. बायको सखू हसली. “पुन्ना हलद लागली काय तुमाला? कोनाशी लगीन लावून आलाव?” मग तिला कळलं काय झालं ते, आणि ती हसायची थांबली. रात्री ताटातला भात त्याच्या बोटांना लागून पिवळा झाला. त्याने ताट सारलं.

चौथ्या दिवशी तो सरकारी इस्पितळात गेला. फिनेल, मूत आणि शिजवलेल्या पपईचा वास. कृष्णातचा पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. देवजीला वाटलं होतं हा शिव्या देईल, थुंकेल. तो थुंकला असता तर बरं झालं असतं.

“या कॅप्टन, या!” कृष्णात कोपरावर उठून बसला आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला म्हणाला, “ह्येच ते, मी सांगतोय ते. ह्यांनीच धरला मला. लई मोठमोठ्या गड्यांस्नी सुटू दिलं न्हाई, माझी काय कथा!” मग देवजीकडे वळून, आवाज उतरवून, “काय पकड हुती राव. एकदम क्लीन. इतकी वर्सं भाईरनं बघत हुतो, आत्ता कळालं कसं असतंय ते.”

“कृष्णात, मना...”

“ऱ्हाऊ द्या. खेळात व्हायचंच. डॉक्टर म्हनतोय, गुडघा काय वाकायचा न्हाई आता. मोसंबी खावा.”

त्याने सोललेली फोड पुढे केली. नखं अजून पिवळीच. देवजीने ती फोड तोंडात घातली, चावली, गिळली. तो जिन्यापर्यंत कसाबसा गेला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. माणसाने आपला पाय मोडणाऱ्याला इतकं मोठं करू नये. त्यात काहीतरी घाण आहे, असं त्याला वाटलं. आणि ती घाण कृष्णातची नाही, हेही त्याला कळत होतं.

संप पावसाच्या तोंडावर मोडला. माणसं खाली माना घालून आत गेली. कृष्णातला मात्र आत घेतलं नाही. त्याच्यावर आरोपपत्र आलं: ट्रकवर हल्ला केला, कर्मचाऱ्यांच्या अंगावर धावून गेला, झटापटीत स्वतःच पडला. आरोप सिद्ध झाला की नोकरी जाणार. मोडक्या पायाने दुसरी मिळणार नव्हती, आणि उपचाराचं तर कुणी नावही काढलं नसतं. सिद्ध करायला साक्षीदार एकच उपयोगाचा होता. ज्याच्या हातात तो पाय होता, तो.

“जास्त काही बोलायचं नाहीये,” टिपणीस म्हणाले. “चौकशी अधिकारी विचारतील, हा तुमच्या अंगावर आला का? तू म्हणायचं, हो. खोटं आहे का ते? आला होताच की तो अंगावर!”

देवजी काचेच्या कपाटाकडे बघत होता. एका चषकाच्या आत मेलेलं झुरळ उताणं पडलं होतं.

“नाही म्हणालास तर मग तूच पाय मोडलास असं होतं. पोलीस केस तुझ्यावर. आणि संघ ठेवून कंपनीला काय मिळतं रे, बदनामी? हिरामणला काय सांगू ते तूच ठरव.”

हिरामण संध्याकाळी करावेला घरी आला. बसला नाही. उंबऱ्यातूनच म्हणाला, “दादा, तो घाटी तुमचा कोन लागतो? लिंबू चाटवायचा तो?”

“चाटला नाय कवा,” देवजी म्हणाला.

“मंग?”

हिरामण गेल्यावर सखूने चुलीपुढून मान वर केली. ती सकाळी मासे घेऊन नेरुळच्या सोसायट्यांतून फिरायची. दारं अर्धी उघडून बोलणाऱ्या माणसांची तिला सवय होती. “काय सांगनार हाव?”

देवजीने पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

“तुमचा तोंड त्यांनी भिंतीवर रंगवून घेतलाय,” सखू म्हणाली. “तुमच्याजवल काय ऱ्हायला?”

चौकशी कँटीनमध्ये ठेवली होती, कारण ऑफिसात रंगकाम चाललं होतं. टेबल पुसलेलं होतं, पण सांबाराचा वास तसाच, आणि माशा. समोर चौकशी अधिकारी म्हणून कंपनीनेच नेमलेला एक वकील, त्याच्या बाजूला टिपणीस, आणि एक टाइपिस्ट. पलीकडे कुबड्या भिंतीला लावून कृष्णात बसला होता. त्याने आरोपीसारखे नाही, पाहुण्यासारखे इस्त्रीचे कपडे घातले होते. पाय समोर सरळ लाकडासारखा. त्याच्या वतीने बोलायला त्याच्याच खात्यातला ज्ञानू नावाचा म्हातारा कामगार. देवजीला जी खुर्ची दिली तिच्यावरून समोर भिंत दिसायची. इतकी वर्षं ज्यांच्याकडे पाठ केली ती निळी अक्षरं. त्याचं नाव. तेलाचे ओघळ पडून ‘कर्णधार’ अर्धं पुसलं होतं.

वकिलाने कृष्णातकडे बोट केलं. “हा तुमच्या अंगावर आला?”

“आला.”

“छान. लिहा.” टाइपरायटर खडखडला. टिपणिसांनी पाण्याचा ग्लास देवजीकडे सरकवला. ग्लासच्या कडेवर कुणाच्या तरी ओठांचा ठसा होता.

“आरोपीला काही विचारायचंय?” वकील म्हणाला.

ज्ञानू उठणार, तेवढ्यात कृष्णातनेच हात वर केला, शाळेत करतात तसा. “म्या विचारतो. कॅप्टन, येताना मी कबड्डी कबड्डी म्हनत हुतो का न्हाई? दम तुटला हुता का माझा?”

वकील हसला. “याचा इथे काय संबंध?”

“संबंध कसा न्हाई? हानायला येनारा मानूस दम धरून येतो व्हय? खेळायला येतो त्यो दम धरतो. सांगा, कॅप्टन. शेवटपत्तुर हुता का न्हाई माझा दम?”

त्याला नोकरीचं उत्तर हवं होतं, हे देवजीला कळलं. आणि त्याहून जास्त त्याला दमाचं उत्तर हवं होतं, हेही. ते पिवळे डोळे सामन्यात असायचे तसेच चमकत होते. देवजीच्या घशाशी ते रोजचं कच्चं अंडं आलं. या वेळी त्याने ते गिळलं नाही.

“म्हनत होता,” तो म्हणाला. “दम तुटला नव्हता. हसत आलता. ट्रकला त्यानं हात नाय लावला. त्याचा पाय मी धरला. डांबरावर धरायचा नसतो, मना म्हाईत होता, तरी धरला. सोडाया पायजे होता, नाय सोडला. मोडला तो मी.”

टाइपरायटर थांबला होता.

“लिवा की,” ज्ञानू म्हणाला. “आधीचं ‘आला’ लिवलंसा, ह्ये बी लिवा. सगळ्यांनी ऐकलंय.”

वकिलाने टिपणिसांकडे पाहिलं. टिपणीस भिंतीकडे बघत होते. शेवटी खडखड पुन्हा सुरू झाली. देवजीने आपले हात टेबलावर ठेवले होते. रंग बराच उतरला होता. रेषांमध्ये तेवढा राहिला होता. आयुष्यात पहिल्यांदा त्याला ते हात जड वाटले नाहीत, नुसते हात वाटले. दोन हात.

वाचून दाखवलं. त्याने सही केली. मग टिपणीस उठून जवळ आले, कानाशी वाकले. त्यांच्या तोंडाला बडीशेपेचा वास होता. “देवजी, हे तू तापात बोललास असं म्हणता येईल अजून. दिवाळीनंतर औद्योगिक स्पर्धा आहे. विचार कर. हिरामणचा तरी कर.” आणि त्यांनी तो मऊ हात पुढे केला.

देवजीने हाताकडे पाहिलं. उठला. खुर्ची नीट आत सारली.

कृष्णात भिंतीवरून घसरलेली कुबडी शोधत होता. ती सापडली, तिच्यावर रेलून तो उभा राहिला, आणि आपली नोकरी वाचली का गेली हे विचारायचं सोडून त्याने काळजीने विचारलं, “कॅप्टन, आता तुम्ही सायबास्नी न्हाई म्हनल्यावर डाव्या कोपऱ्यात कोन उभं ऱ्हानार?”

देवजी थांबला. पिवळी नखं कुबडीच्या दांड्यावर घट्ट आवळलेली होती. बाहेर मागच्या मैदानावर कुणीतरी मातीवर पाणी मारत होतं, तो वास आत येत होता. आणि त्यावर नाल्याचा.

त्याने खाली पडलेली दुसरी कुबडी उचलली, कृष्णातच्या काखेत लावून दिली, आणि भिंतीवरच्या त्या अक्षरांखालून चालत दाराबाहेर पडला.